पाऊस लागला की घोडी आयाळ का घासते?

कृष्णाकाठच्या, सांगलीजवळच्या एका घोडीमालकाचा प्रश्न आहे. त्यांची नुकरी, म्हणजे पांढरी, गुलाबी चामडीची घोडी पाच वर्षांची, वरातीला चालते. अडीच वर्षांची असताना सारंगखेड्याच्या बाजारातून आणली. पहिल्या पावसाळ्यात थोडी खाजवायची, गेल्या वर्षी जास्त, यंदा आयाळ आणि शेपटीचा खुंट खांबाला घासून रक्त काढते. दिवाळीनंतर आपोआप बरी होते. खाजेची इंजेक्शनं झाली, प्रत्येक इंजेक्शनाला आठ-दहा दिवस आराम, मग पुन्हा तेच. हरभरा उष्ण म्हणून चंदीतून (रोजच्या खुराकातून) काढला, फरक नाही. शेजारी म्हणतात खरूज आहे, म्हशींना मारतो ते गोचिडाचं औषध मारा. तुळशीच्या लग्नानंतरच्या वरातींच्या तारखा घेऊन ठेवल्यात. शिवाय तिला यंदा घोडा दाखवायचा, म्हणजे गाभण करायचाही विचार आहे.

दादा, आधी ते गोचिडाचं औषध. बाटली हातात घ्या आणि लेबलावर अमिट्राझ लिहिलंय का बघा. लिहिलं असेल तर ती घोडीच्या जागेपासून लांब ठेवा. गाई-म्हशींना चालणारं हे औषध घोड्याला चालत नाही. त्याने घोड्याच्या मोठ्या आतड्याची हालचाल मंदावते, लीद आत घट्ट होऊन बसते आणि शूळ सुरू होतो. तासगाव भागात मी एक तट्टू असं पाहिलं आहे. मालकाने गोठा फवारताना जाता जाता त्याच्यावरही पंप फिरवला होता. दुसऱ्या दिवशी लीद बंद, तिसऱ्या दिवशी लोळणं सुरू. नाकातून नळी घालून तेल-पाणी देत दोन रात्री काढल्या तेव्हा वाचलं. खाजेने घोडं मरत नाही, खाजेवरच्या उपायाने मरू शकतं, म्हणून त्या औषधाचं उत्तर पहिल्यांदा दिलं.

आता खाज. तेहतीस वर्षं घोडी बघतोय. टांग्याची बघितली, शर्यतीची, वरातीची, धनगरांची ओझ्याची तट्टं, महाबळेश्वर-पाचगणीची सवारीची. खाजेची तक्रार आली की मी औषधाचं नाव नंतर काढतो. आधी दोनच गोष्टी विचारतो : कुठे खाजवते आणि कधी? तुमच्या पत्रात दोन्हींची उत्तरं आहेत, फक्त ती एकत्र वाचायची राहिली. जागा म्हणजे आयाळ आणि शेपटीचा खुंट. काळ म्हणजे पावसाळा, दिवाळीपर्यंत, आणि दरवर्षी आदल्या वर्षापेक्षा वाढत. आणखी एक तुम्ही लिहिलेलं नाही, पण मी पैज लावतो : घासणं दिवस मावळताना आणि पहाटे सगळ्यात जोरात असेल, दुपारच्या उन्हात कमी. हे तसंच असेल तर तुमच्या घोडीला चिलटांच्या चावण्याची ॲलर्जी आहे.

चिलटं म्हणजे डास नव्हेत. आपल्याकडे म्हातारी माणसं मुरकुटं म्हणतात ती. शास्त्रीय नाव क्युलिकॉइडिस. एक ते तीन मिलीमीटरची, डोळ्याला नीट दिसतही नाहीत. मादीच रक्त पिते. चावताना तिची लाळ चामडीत जाते आणि त्या लाळेतल्या प्रथिनांवर काही घोड्यांचं शरीर प्रमाणाबाहेर चवताळतं. काही घोड्यांचंच. शेजारी बांधलेलं घोडं तेवढीच चिलटं सोसतं आणि निवांत कडबा खातं, म्हणून मालकाला वाटतं की दोष चंदीत असेल किंवा रक्तात 'उष्णता' असेल. मेंढपाळांना हीच चिलटं वेगळ्या कारणाने माहीत आहेत, मेंढ्यांच्या नीलजिव्हा रोगाचा विषाणू हीच वाहून नेतात. चिलटांच्या वेगवेगळ्या जाती अंगाच्या वेगवेगळ्या भागावर बसतात. कुणी आयाळीच्या रेषेवर, कुणी शेपटीच्या मुळाशी, कुणी पोटाखालच्या मधल्या रेघेवर. घोडीच्या पोटाखाली बेंबीच्या आसपास हात फिरवून बघा, तिथेही खरबरीत, केस गेलेली जागा सापडली तर मला फारशी शंका राहणार नाही.

सारंगखेड्याचा उल्लेख केलात ते बरं झालं. तो बाजार दत्तजयंतीला भरतो, डिसेंबरात. थंडीत चिलटं कमी, तोपर्यंत चामडी भरून आलेली, केस परतलेले. दलालाने फसवलं असेलच असं नाही, त्यालाही माहीत नसेल. पण पुढच्या खेपेला घोडं घेताना आयाळ हाताने उलटी करून मुळाशी बघा. जुनी खाज असलेल्या घोड्याची तिथली चामडी जाड होते, आडव्या घड्या पडतात आणि आयाळीचे केस एका लांबीचे नसतात, मधेच आखूड झुपके दिसतात. आइसलँडच्या घोड्यांची एक गोष्ट पशुवैद्यकात नेहमी सांगतात. त्या बेटावर पिढ्यान्‌पिढ्या ही चिलटं नव्हती. तिथे वाढलेले घोडे युरोपच्या मुख्य भूमीवर नेले की त्यांतल्या बऱ्याच जणांना ही खाज सुटते, त्याच जातीची युरोपात जन्मलेली शिंगरं मात्र कमी खाजवतात. तुमची घोडी कोरड्या मुलखात वाढली असेल आणि तरुणपणी नदीकाठी आली असेल, तर तिचंही काहीसं तसंच झालं असावं असं मला वाटतं.

तरीही पत्रावरून निदान पक्कं करणं मला पटत नाही. चार गोष्टी तपासून बाजूला काढा. नुसताच शेपटीचा खुंट घासत असती आणि आयाळ शाबूत असती, तर मी आधी जंत म्हटलं असतं. घोड्याच्या गुदद्वाराबाहेर अंडी घालणारा एक जंत असतो, ऑक्सियुरिस. लीद तपासून तो बहुधा सापडत नाही. सकाळी शेपटीखालचा भाग धुण्याआधी पारदर्शक चिकटपट्टी गुदद्वाराशी दाबायची आणि काचेवर लावून डॉक्टरांकडे द्यायची. दोन रुपयांची तपासणी, पण कुणी करत नाही. खरूज आणि उवा अंगभर पसरतात, दुसऱ्या घोड्यांना लागतात, सार्कोप्टिस जातीची खरूज तर घोडं सांभाळणाऱ्या मोतद्दाराच्या हातालाही लागते. तुमच्याकडे तीन वर्षांत दुसऱ्या कुणाला लागलेली नाही, म्हणून शेजाऱ्यांचं निदान मला पटत नाही. पण चामडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली एकदा बघून घ्यायला हरकत नाही. मिरज-सांगलीत जमलं नाही तर शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालयात नमुना दाखवता येईल. गजकर्ण गोल चट्ट्यांचं असतं, खोगीर आणि खरारा एकाचा दुसऱ्याला वापरल्याने पसरतं, खाज त्यात कमी. पावसात भिजून पाठीवर खपल्या धरतात, खपली ओढली की केसांचा झुपका कुंच्यासारखा हातात येतो, तो जिवाणूंचा आजार आहे. त्यात दुखतं जास्त, खाजवतं कमी. 2019 च्या महापुरानंतर असे खपल्यांचे घोडे मी इतके पाहिले की हात लावायच्या आधीच ओळखायला लागलो होतो.

घोडी नुकरी आहे, म्हणून आणखी एक. गुलाबी चामडीच्या घोड्याला ऊन लागून नाकपुडीजवळ, डोळ्याभोवती लाली येते, चामडी सोलते. घाणेरीसारखी वनस्पती पोटात जाऊन यकृत बिघडलं तर जिथे चामडी गुलाबी तिथेच भाजल्यासारखं होतं. ते दुपारी वाढतं, सावलीत उतरतं. तुमच्या घोडीचं घड्याळ बरोबर उलटं आहे.

आणि एक धोक्याची खूण. मानेवर किंवा पायावर ओळीने गाठी आल्या, खाज नाही, फुटून मधासारखा चिकट पू येतो, नाकातूनही शेंबूड वाहतो, असं कधी दिसलं तर हात लावू नका, खाजेचं औषध शोधू नका, थेट सरकारी दवाखान्यात कळवा. तो ग्लँडर्स असू शकतो. माणसाला होतो, घोड्याला उपचार देत नाहीत आणि कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. 2006 मध्ये तो महाराष्ट्रात पुन्हा दिसला होता. तुमच्या घोडीचं चित्र अजिबात तसं नाही. पण वरातीची घोडी दहा ठिकाणच्या घोड्यांशेजारी उभी राहते, म्हणून हे तुमच्या कानावर घातलं.

चंदीचं काय? हरभरा परत सुरू करा. घोड्यांना खाण्याची ॲलर्जी असते, पण क्वचित, आणि ती पंचांग बघून येत नाही. बारा महिने तोच हरभरा खाऊन घोडी फक्त पावसाळ्यात खाजवत असेल तर हरभऱ्याचा काय गुन्हा? खाण्याने किंवा औषधाने बहुधा अंगावर गांधी उठतात, घटकेत आल्या, बोटाने दाबलं की खड्डा पडतो, एक-दोन दिवसांत गेल्या. (गांधींबरोबर नाक-तोंड सुजलं आणि श्वासाला त्रास झाला तर मात्र मध्यरात्रीही डॉक्टर उठवायचा.) चंदीबद्दल माझी भीती वेगळीच आहे. हरभरा महागला म्हणून कोंबडी खाद्य मिसळणारे लोक मी विटा-इस्लामपूर पट्ट्यात पाहिले आहेत. कोंबडी खाद्यात मोनेन्सिन नावाचं औषध असू शकतं. ते थोड्या प्रमाणातही घोड्याचं हृदय निकामी करतं. कोंबड्यांचं पोतं घोडीच्या पोत्याशेजारीसुद्धा ठेवू नका.

आता उपाय. यातला मोठा भाग दवाखान्यात मिळत नाही, तुमच्या अंगणात आहे. तुम्ही घोडी कुठे बांधता ते लिहिलेलं नाही, पण नदीकाठच्या बहुतेक घरी मी हेच बघतो : मागच्या अंगाला उकिरडा, त्याला लागून म्हशींच्या मुताची वाहणारी चारी, पलीकडे ऊस आणि सरीत कुजणारं पाचट. चिलट अंडी घालतं ते अशाच ओल्या, कुजक्या मातीत. घोडीला तुम्ही त्यांच्या घरात पाहुणी म्हणून बांधली आहे. उकिरडा आणि घोडी यांच्यात जमेल तेवढं अंतर घाला, चारीतले खड्डे बुजवून ती वाहती करा, घोडीखालची लीद आणि ओलं गवत रोज सकाळी काढा. पाचट अंथरत असाल तर ते कोरडं असेल तेव्हाच.

दुसरं, वेळ. दिवस मावळायच्या तासभर आधी घोडी आत घ्या आणि सकाळी उन्हं वर आल्याशिवाय बाहेर काढू नका. पावसाळी ढगाळ दिवशी चिलटं भरदुपारीही उडतात, त्या दिवशी आतच. आत घेतलं म्हणजे कोंडलं असं नाही, आत पंखा हवा. चिलटाच्या पंखात जोर नसतो. वारा ताशी दहा किलोमीटरच्या आसपास गेला की त्याला नेमकं उडता येत नाही. छताचा पंखा पुरत नाही. जमिनीवर ठेवायचा मोठा पंखा घोडीच्या अंगावर आडवा वारा मारील असा, तिचं तोंड पोचणार नाही इतक्या अंतरावर ठेवा, वायर वर बांधून घ्या. संध्याकाळी लाइट जाते हे मला माहीत आहे. त्या वेळी झूल कामाला येते.

झूल म्हटलं की तुमच्या डोळ्यापुढे वरातीची जरीची येईल. मी म्हणतोय ती जुन्या सुती नऊवारीची. साध्या मच्छरदाणीच्या भोकांतून चिलट आरामात आत शिरतं, म्हणून घट्ट विणीचं सुती कापड घ्यायचं. मानेपासून शेपटीच्या मुळापर्यंत, आणि पोटाखालून पट्टा घेऊन पोटही झाकायचं. पोट उघडं ठेवून नुसती पाठ झाकलेली घोडी मी शेकड्यांनी पाहिली. दोन झुली शिवा, एक वाळत, एक अंगावर. ओली झूल अंगावर राहिली तर वर सांगितलेल्या खपल्या धरतील.

धुरीबद्दल लोक विचारतात. शेणी आणि कडुलिंबाच्या पाल्याची धुरी उघड्यावर, वाऱ्याच्या बाजूला केली तर थोडा उपयोग होतो. बंद खोलीत धूर कोंडून घोड्याची छाती बिघडवू नका. दम्याचं घोडं खाजेच्या घोड्यापेक्षा अवघड.

अंगाला लावायला बेन्झिल बेन्झोएट हे जुनं औषध कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतं. आयाळीच्या मुळाशी आणि शेपटीच्या खुंटावर लावलं तर चिलटं बसत नाहीत, पण रोज लावावं लागतं आणि सोललेल्या चामडीवर अजिबात चालत नाही, आग होते. तुमच्या घोडीला आज रक्त येतंय, म्हणजे आधी जखमा भरू द्या, मग ते. करंजाचं किंवा कडुलिंबाचं तेल खोबरेल तेलात मिसळून लावणारे आहेत. मला त्याचं वावडं नाही, फक्त आधी तळहाताएवढ्या जागेवर लावून एक दिवस वाट बघा. परमेथ्रिन या कीटकनाशकाचे फवारे घोड्याला चालतात, प्रमाण डॉक्टरांकडून घ्या. जळकं ऑइल, रॉकेल, फिनेल यांचं नावही काढू नका. जखमा कोमट पाण्याने आणि क्लोरहेक्झिडिन या जंतुनाशकाच्या पातळ द्रावणाने धुवा, कपड्याच्या पावडरीने नाही. आणि धनुर्वाताची लस झालेली नसेल तर ती आजच. रक्ताळलेला खुंट, खिळे मारलेला खांब आणि खाली लीद, धनुर्वाताला आणखी काय लागतं? घोड्याइतकं धनुर्वाताला बळी पडणारं जनावर दुसरं नाही. त्या खांबाला गोणपाट गुंडाळा, खिळे काढा.

इंजेक्शनांकडे येतो. आठ-दहा दिवस आराम देणारं ते इंजेक्शन बहुतेक डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचं असणार. तुमच्या डॉक्टरांनी चूक केली असं मी म्हणणार नाही, रक्त काढणाऱ्या घोडीला पहिला आराम द्यावाच लागतो. पण चिलटं तिथेच आणि घोडी तिथेच, मग औषध उतरलं की खाज चढणार. सहा-सहा इंजेक्शनं झाली की खुराच्या आतल्या थराला सूज येण्याचा धोका असतो. घोडा पुढचे पाय पुढे टाकून मागे झुकून उभा राहतो, खूर गरम लागतो. तसं झालं तर वरात कायमची बंद. स्टेरॉइड लागलंच तर डॉक्टरांशी गोळ्यांबद्दल बोला : वजनावर मात्रा, सकाळी एकदाच, आठवड्याभरात दिवसाआड, मग कमी करत बंद. गोळी प्रेडनिसोलोनचीच हवी. प्रेडनिसोन हे जवळच्या नावाचं औषध घोड्याच्या पोटातून नीट शोषलं जात नाही, पैसे वाया. माणसांच्या सर्दी-पित्ताच्या गोळ्यांवर मी चिलटांच्या खाजेत भरवसा ठेवत नाही. जवसाचा थोडा उपयोग होतो, रोज मूठभर उकडून चंदीत द्या. आयव्हरमेक्टिन जंतांसाठी आणि पोटाच्या रेघेवरच्या एका सूक्ष्म कृमीसाठी द्यायला हवं, पण तोंडावाटे द्यायची घोड्याची पेस्ट घ्या. गाईचं इंजेक्शन घोड्याच्या मानेत मारून आलेल्या सुजा मी चिरून काढल्या आहेत.

एक उपाय जो दवाखान्यात विकत मिळत नाही. कवठेमहांकाळकडे, जतला किंवा माणात कुणी पाहुणे आहेत का? माझ्याकडे मिरजेजवळची एक कुमैत (तांबूस अंगाची, काळ्या आयाळीची) घोडी होती, तीन वर्षं हाच ताप. मालकाची सासुरवाडी ढालगावकडे. एका आषाढात घरात आजारपण आलं म्हणून घोडी तिकडे धाडली. गणपतीत बघायला गेलो तर चामडी स्वच्छ, औषध शून्य. त्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत, वारा थांबत नाही तिथे आणि पाऊसही बेताचा. परत आणली, दोन आठवड्यांत खांब रंगला. माझ्या लेखी यापेक्षा चांगली तपासणी प्रयोगशाळेत होत नाही. धनगर मेंढरांना चिखल सोसत नाही म्हणून पावसाळा माणदेशाच्या माळावर काढतात आणि दिवाळीनंतर खाली उतरतात. त्यांच्या तट्टांत ही खाज मला फारच कमी दिसली, ती याच वाटेमुळे असावी. पाहुणे असतील तर पुढच्या वर्षी वळवाचा पहिला पाऊस पडला की घोडी तिकडे सोडा. नसतील तर झूल, पंखा, आत घेणं, सगळं मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यापासून सुरू करा. खाज सुटल्यावर सुरू केलं तर अर्धंच फळ मिळतं.

घोडा दाखवण्याबद्दल मी स्पष्ट सांगतो, दाखवू नका. या ॲलर्जीचा कल आईबापांकडून शिंगरात उतरतो. शिवाय अकरा महिने गाभण घोडीला स्टेरॉइड देणं हा वेगळाच घोळ. दिसायला देखणी आहे म्हणून मोह होतो, कळतं मला. पण विकताना गिऱ्हाइकाला शिंगराची आई दर पावसाळ्यात काय करते ते तुम्ही सांगणार आहात का?

राहिल्या तुळशीच्या लग्नानंतरच्या तारखा. आयाळ महिन्याला इंचभर वाढते, कधी त्याहूनही कमी. आज घासणं थांबलं तरी तोवर दोन-तीन इंचांचे खुंट उभे राहतील, ब्रशासारखे. ते सारखे दिसावेत म्हणून कात्री लावू नका, आणि खोट्या आयाळीला गोंद तर मुळीच नको. पायांवर, पुठ्ठ्यावर काळ्या मेंदीची नक्षी काढत असाल तर तीही यंदा टाळा, त्यातल्या रंगद्रव्याने चामडी आणखी बिथरते. मानेवर गोंड्यांची जाळी घाला, खालून सुती अस्तर लावून, आणि जाळी मोहरकीला (तोंडावरच्या दोराच्या साजाला) दोऱ्याने बांधा, घरी आल्याबरोबर सोडता येईल अशी.